दिल्लीची इनोव्हा, लोकमान्य नगरची एर्टिगा आणि सासऱ्यांची मॅटाडोर

पत्र: काका नमस्कार, मी इंदूरला सुदामा नगरात राहते, घरून फराळाचं आणि पन्नास-साठ पानांपर्यंतच्या जेवणाच्या ऑर्डरचं काम करते. आत्तापर्यंत रिक्षा नि लोडिंगवाल्यांवर भागवलं पण आता एक जुनी डिझेल गाडी घ्यायचीय, बजेट साडेपाच-सहा लाख. रोजचं फिरणं राजवाडा, सियागंज, अन्नपूर्णा असं सात-आठ किमी, आणि महिन्यातून चार-पाच वेळा उज्जैन, महू, एखादवेळी बुऱ्हाणपूर, गाडी भरून. सगळं मिळून नऊशे किमी धरा. तीन गाड्या बघितल्या. एक २०१४ ची इनोव्हा, दिल्ली पासिंग, डीलरकडे, मीटर ७८ हजार, एकदम चकाचक. दुसरी लोकमान्य नगरातल्या ओळखीच्यांची २०१६ ची एर्टिगा डिझेल, पहिला मालक, १ लाख ३२ हजार चाललेली, पण सकाळी दोन-तीन सेल्फ घेते आणि पांढरा धूर सोडते. तिसरी २०२१ ची छोटी एसयूव्ही, बीएस-सिक्स डिझेल, तिच्यात एक पिवळा दिवा मधूनमधून लागतो, विकणारा म्हणतो नुसता सेन्सर आहे. मिस्टर इनोव्हावर अडून बसलेत. सासरे म्हणतात आमच्या मॅटाडोरला वीस वर्षं काही झालं नाही, डिझेलला काही होत नसतं, शिवाय लग्नसराईत भाड्याने पण देता येईल. मला सगळ्यात भीती त्या धुराची वाटते. कुठली घेऊ, आणि घेतल्यावर सांभाळू कशी?

उत्तर: ताई, पत्र वाचून आधी हसू आलं, कारण तीन गाड्यांपैकी जिची तुम्हाला भीती वाटतेय तीच मला त्यातल्या त्यात बरी वाटतेय आणि जिच्यावर मिस्टर अडून बसलेत तिला मी हातही लावणार नाही. बत्तीस वर्षं डिझेलच्या कामात हात काळे केलेत, त्यातली निम्मी पंप-नोझलच्या बाकड्यावर, त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

इनोव्हापासून सुरू करतो. गाडी वाईट नाही हं, ते अडीच लिटरचं डी-फोर-डी इंजिन नीट ठेवलं तर तीन लाख किमी सहज जातं, टॅक्सीवाले उगाच मरत नव्हते तिच्यावर. पण हिशोब करा. ११ वर्षांत ७८ हजार म्हणजे रोजचे जेमतेम २० किमी. दिल्लीत एवढी मोठी सात सीटर डिझेल गाडी घेऊन रोज २० किमी कोण चालवतो? एखादा असेलही, घरी आजोबा, ड्रायव्हर ठेवलेला, गाडी झाकून ठेवलेली. पण अशी गाडी दिल्लीतच नात्यागोत्यात विकली जाते, आठशे किमी लांब आपल्या इंदूरच्या डीलरच्या दारात शॅम्पू लावून उभी राहत नाही.

लोकांना वाटतं मीटर मागे केला म्हणजे फक्त किंमत जास्त लागली, चला पन्नास हजार गेले. तसं नाहीये. मीटर मागे करणारा तुमच्या पुढच्या सगळ्या मेंटेनन्सचं कॅलेंडर खोटं करून ठेवतो. या इनोव्हाच्या इंजिनात टायमिंगचा, म्हणजे पिस्टन नि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवणारा पट्टा आहे, चेन नाही. रबरी पट्टा. तो ठरावीक किमीला बदलायचाच असतो, त्यासाठी डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवासुद्धा दिलाय कंपनीने. आता मीटर म्हणतोय ७८ हजार, तुम्ही म्हणाल अजून वेळ आहे, दिवा पण लागलेला नाही. अहो पण मीटरच खोटा असेल तर दिवा कशाच्या भरवशावर लागणार? खरी गाडी अडीच लाख चाललेली असेल, पट्टा कधी बदलला देव जाणे, आणि तो भेरूघाटात चढावर तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतात, हेड गेलं, कधीकधी पिस्टन पण, आणि तुमची श्रीखंडाची पातेली मागे उन्हात. हे मी भीती घालायला नाही सांगत, असं हेड मी स्वतः उघडलंय, दोनदा.

आणि फसण्याचं म्हणाल तर मी स्वतः फसलोय. २००९ साली, गॅरेजवाला असून. एका डीलरकडून डिझेल गाडी घेतली, मीटर ६० हजार, सीट कव्हर नवीन, स्टेअरिंगला नवीन कव्हर, सगळं नवीन. घरी आल्यावर ब्रेक पेडलचं रबर बघितलं तर एका बाजूने गुळगुळीत, अगदी लोखंड दिसायला आलेलं. ६० हजारात पेडल एवढं घासत नाही. सीट कव्हर काढलं तर ड्रायव्हरच्या बाजूची कड बसलेली. नवीन कव्हर असं दिसलं की मला आता आनंद होत नाही, आधी उचलून खाली बघतो. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ४० हजार चाललेल्या गाडीला पाचही टायर बदललेले असतील तर विचारा का बदलले. ड्रायव्हरचा सीट बेल्ट पूर्ण ओढा, अगदी शेवटपर्यंत, खाली पट्टीवर बनवल्याची तारीख असते आणि गाडी पुरात बुडाली असेल तर बेल्टच्या आतल्या भागावर मातीची रेघ पण सापडते. वडोदऱ्यात २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी किती चढली होती ते आठवा, त्यामुळे जीजे-०६ काय, कुठल्याही पासिंगची जुनी गाडी असो, कार्पेट उचलून सीटच्या रुळांना गंज बघायची सवय ठेवा. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली सर्व्हिस हिस्ट्री, चासी नंबरवरून निघते, मालक सोबत असेल तर काढून देतात. डीलर म्हणाला की हिस्ट्री नाहीये, बाहेर सर्व्हिस केलीय, तर गाडीला नमस्कार करून पुढे जा.

दिल्लीच्या गाडीचं कागदाचं वेगळंच पुराण आहे. तिथे डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, २०२५ मध्ये कोर्टाने थोडी ढील दिल्याच्या बातम्या आल्या, पण एकूणच तिथला मालक अशी गाडी काढून टाकायच्या घाईत असतो म्हणून ती स्वस्त. स्वस्त का आहे याचं कारण तिथलं, त्रास मात्र इथला. तिथल्या आरटीओची एनओसी हवी, ती ‘वाहन’ या सरकारी साइटवर ऑनलाइन दिसली पाहिजे, डीलरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. मग इथे नायता मुंडल्याला आरटीओत एमपीचा टॅक्स परत भरायचा, १२ महिन्यांच्या आत नंबर बदलून घ्यायचा. आणि २०१४ ची गाडी २०२९ मध्ये १५ वर्षांची होणार, तेव्हा फिटनेस आणि रजिस्ट्रेशन रिन्यू, ज्याची कारची फी २०२२ पासून ५ हजार केलीय, आधी ६०० होती. मिस्टरांना हे सगळं एका कागदावर मांडून द्या, गाडीच्या किमतीत टॅक्स नि पट्ट्याचं काम मिळवा, मग बघा इनोव्हा किती चकाचक दिसते ते.

आता ती २०२१ वाली. हिचं थोडक्यात सांगतो. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा प्रदूषणाचा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लायनीत एक जाळी बसली, डीपीएफ म्हणतात. ती धुरातली काजळी अडवते आणि भरली की आतल्या आत जाळून टाकते, पण जाळायला साधारण सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान लागतं, म्हणजे गाडी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं बऱ्यापैकी स्पीडने चालली पाहिजे. तुमचं रोजचं काय, तर सुदामा नगर ते सियागंज, त्यात अर्धा वेळ राजवाड्याच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. जाळी तापणारच नाही. तो पिवळा दिवा बहुतेक सेन्सरचा नसून जाळीचा आहे. एक गंमत सांगतो, विकणाऱ्याकडे गेलात तर डिपस्टिक काढून ऑइल बघा. सगळे ऑइल कमी आहे का बघतात, तुम्ही जास्त आहे का बघा. जाळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं, ते काम मधेच तुटत राहिलं की ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची लेव्हल वरच्या खुणेच्या पण वर जाते, पातळ होतं, वास डिझेलचा. असं ऑइल घेऊन फिरलं की बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) दोघांची वाट. कोणी म्हणेल जाळी काढून टाकू, प्रोग्रॅमिंग करून देतो, इंदूरात काय, सगळीकडे करणारे आहेत, पण ते बेकायदा आहे आणि ज्या गल्लीत आपली पोरं खेळतात तिथेच तो धूर सोडायचा, मला नाही पटत. नवी जाळी लाखाच्या घरात जाऊ शकते. रोज पीथमपूर-देवास करणाऱ्याने बीएस-सिक्स डिझेल घ्यावी, खुशाल घ्यावी. तुम्ही नाही.

सासऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या इंजिनाचं आहे. मॅटाडोरच्या जमान्यातला पंप म्हणजे जुन्या लोकांचं पोट, काय पण टाका, पचवायचा. थोडं पाणी, थोडं रॉकेल, कचरा, धूर काढत का होईना पण चालायची. आताच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच सामाईक नळीतून (रेल) सगळ्या इंजेक्टरना, डिझेल फवारणाऱ्या नोझलना, पुरवठा होतो त्या इंजिनात, डिझेल दीड हजार बारच्या आसपास दाबाने सुटतं, म्हणजे तुमच्या टायरमधल्या हवेच्या सहाशे-सातशेपट दाब, आणि इंजेक्टरच्या टोकाची भोकं केसाएवढी. त्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण कोण देतं, तर डिझेलच देतं, वेगळं ऑइल नाही तिथे. त्यामुळे भेसळीचं डिझेल गेलं किंवा पाणी गेलं की ते कोरडे घासतात, लोखंडाचा बारीक चुरा सुटतो, तो सगळ्या लायनीत फिरतो आणि मग एक इंजेक्टर नाही, चारही, रेल, पंप, टाकी धुणे, सगळंच. बाबांना सांगा की मॅटाडोरला माझा पण सलाम आहे, मी शिकलोच तिच्यावर, पण तिचे नियम हिला लावू नका. आणि हो, भाड्याने देण्याचं डोक्यातून काढा, पांढऱ्या नंबर प्लेटवर भाडं मारायला परमिट नसतं, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील आणि तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढाल.

डिझेलच घ्यावी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मी विचारतो. इथे सध्या पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे चौदा-पंधरा रुपयांचा फरक आहे. भरलेली सात सीटर पेट्रोल गाडी शहरात बाराचं अ‍ॅव्हरेज देईल, डिझेल सोळाचं धरू. नऊशे किमीला पेट्रोल ७५ लिटर, डिझेल ५६ लिटर, महिन्याला दोन हजार आठशेच्या आसपास वाचतात, वर्षाला तेहतीस-चौतीस हजार. ऐकायला छान, पण इंजेक्टरचं एक मोठं काम निघालं की एका वर्षाची बचत त्यात गेली. तुम्ही नुसत्या शहरात फिरत असतात तर मी पेट्रोल घ्या म्हणून पत्र दोन ओळीत संपवलं असतं. सीएनजी पण इंदूरात मिळतो, पण सिलिंडर डिकी खातो आणि तुम्हाला पातेली ठेवायचीत. तुमचं भरून उज्जैन-बुऱ्हाणपूर जाणं आहे, चढ आहेत, वजन आहे, तिथे डिझेलची ओढायची ताकद कामाची, आणि महिन्यातून चार-पाच लांबच्या फेऱ्या इंजिनाला पण हव्या असतात. म्हणून काठावर का होईना, डिझेल पास.

तर मग एर्टिगा. तिच्यातलं १.३ चं इंजिन म्हणजे मूळचं फियाटचं, ते स्विफ्टमध्ये होतं, डिझायरमध्ये होतं, टाटाच्या पण गाड्यांत होतं, इतक्या गाड्यांत की मेकॅनिक डोळे बांधून उघडेल आणि पार्ट कुठल्याही गावात मिळेल, बडवाहला सुद्धा. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं म्हणून लोक घाबरतात, पार्टची काळजी करू नका. टायमिंग चेन आहे, पट्टा नाही. पहिला मालक, ओळखीचा, एमपी-०९ म्हणजे इंदूरचंच पासिंग, मीटर १ लाख ३२ हजार म्हणजे वर्षाला तेरा-चौदा हजार, हे खऱ्या माणसाचं चालवणं वाटतं.

आता तुमचा पांढरा धूर. डिझेलमध्ये प्लग ठिणगी टाकत नाही, हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. सकाळी इंजिन गार, बाहेर थंडी, हवा पुरेशी तापत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक छोटा हीटर असतो, ग्लो प्लग. तुम्हाला कळेल असं सांगतो, तेल तापलं नसताना चकली सोडली की ती तळली जात नाही, नुसती तेल पिते, तसंच न तापलेल्या सिलिंडरमध्ये डिझेल जळत नाही, नुसती पांढरी वाफ होऊन बाहेर येते आणि डोळ्यांना झोंबते. चार ग्लो प्लगपैकी दोन गेले की दोन-तीन सेल्फ आणि अर्धा मिनिट पांढरा धूर, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. हे काम काही हजारांत होतं. अजून एक, ओळखीचे काका चावी फिरवली की लगेच सेल्फ मारतात का बघा, डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं निशाण असतं ते विझेपर्यंत थांबायचं असतं, अर्धे लोक थांबत नाहीत. बॅटरी अशक्त असेल तरी असंच होतं, इंजिन हळू फिरतं.

पण ग्लो प्लग म्हणून मोकळं व्हायचं नाही, कारण पांढऱ्या धुराची वाईट कारणं पण आहेत. धूर गरम झाल्यावर पण राहिला, वास गोडसर आला, कूलंटची लेव्हल उतरत असेल, ऑइलच्या झाकणाला आतून ताक घुसळल्यासारखं पांढरं लागलं असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंय, मग सोडा. (थंडीच्या दिवसांत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाला जरासं पांढरं येतंच, एवढ्यावरून घाबरू नका, डिपस्टिकवर पण दिसलं तर घाबरा.) निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर चोंदलेला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) काजळीने जाम असेल, यातलं बरंच स्वस्तात सुटतं.

म्हणून रविवारी सकाळी सातला जा आणि आदल्या रात्रीच फोन करून सांगा की मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिले बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या, दुसऱ्या दिवशी जा, लाज वाटू देऊ नका. चालू करताना एक जण मागे सायलेन्सरजवळ उभा करा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. पहिल्या चार-पाच सेकंदात पुढून साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखडाट आला आणि मग थांबला तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर थकलाय, या इंजिनात ऑइल वेळेवर न बदलणाऱ्यांच्या गाडीत हे होतं, ते काम महाग आहे, किमतीतून कापा. इंजिन गरम झालं की आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू ठेवून, ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरेल, ते चालतं. उडून पडायला लागलं आणि खालून भकाभका वाफ आली तर त्याला आमच्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे रिंगा गेल्या, इंजिन बांधायला येणार. घेऊ नका.

तेवढ्यावर थांबू नका, घरचे चार जण बसवा आणि खंडवा रोडने भेरूघाटापर्यंत चला. कॉलनीतली एक चक्कर म्हणजे मुलगी बघायला जाऊन फक्त कांदेपोहे खाऊन येणं. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबा, दोन हजार आरपीएमच्या आसपास पाठीत ढकलल्यासारखं वाटलं पाहिजे, टर्बो आला की ते कळतं. आरपीएम चढतोय पण गाडी पळत नाही असं झालं तर क्लच प्लेट. उताराला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्येच उतरू द्या, खाली पोचलात की एकदम दाबा आणि आरशात बघा, त्या क्षणी निळा भपका निघाला तर इंजिन ऑइल पितंय, सपाट रस्त्यावर हे सहसा दिसत नाही. सगळी ट्रायल एसी लावून घ्या आणि टेम्परेचरच्या काट्यावर नजर ठेवा.

आणि मग परत येताना सरळ एखाद्या डिझेलवाल्या मिस्त्रीकडे, जो गाडी विकत नाही आणि मालकाचा पण ओळखीचा नाही. त्याला दोन कामं सांगा. स्कॅनर लावून कोड काढ, आणि इंजेक्टरला बाटल्या लावून बघ. हे बाटल्यांचं तुम्हाला आवडेल. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल परत टाकीकडे जातं, ती नळी काढून चारही इंजेक्टरना चार छोट्या बाटल्या लावायच्या आणि इंजिन आयडलवर ठेवायचं. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर इंजेक्टर ठीक. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून घासलाय, दाब सोडतोय, आणि सकाळी दोन-तीन सेल्फ लागण्याचं कारण ग्लो प्लग नसून तो पण असू शकतो. अर्ध्या तासाचं काम, चार-पाचशे रुपये घेईल, आणि मालकासमोर भाव करायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. इंजेक्टर निघाला तर दुरुस्तीचा अंदाज तिथेच लिहून घ्या. मालक भला माणूस असेल तर निम्मा खर्च स्वतःहून सोडेल, लोकमान्य नगरचा आहे म्हणता तर घासाघीस होईल पण सोडेल.

कागदाचं इथे सोपं आहे. वाहनवर गाडीचा नंबर टाकून बघा लोन चढलेलं आहे का, असेल तर बँकेची एनओसी आणि लोन उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय पुढे नाही. ई-चलान बघा, इंदूरच्या चौकाचौकांत कॅमेरे आहेत, लोकांना माहीतच नसतं आपल्या नावावर किती लागलेत. गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३०, ट्रान्सफर ३० दिवसांच्या आत, इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. विसार म्हणून थोडे द्या, शेवटचे पंचवीस-तीस हजार आरसी नावावर दिसल्यावर. ओळखीत कसं बोलायचं असं वाटेल, पण ओळखीत राहावं म्हणूनच आधी बोलायचं.

सहा लाखांतले सगळे गाडीला घालू नका, पन्नास हजार बाजूला ठेवा. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात आधीच्या मालकाने काय केलं काय नाही ते विसरून ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं बदला, पुढचा फॅन बेल्ट बघा, आणि एका वहीत तारीख नि किमी लिहा. तुम्ही ऑर्डरीची वही ठेवता तशीच गाडीची. पुढे ऑइल १० हजार किमीला लिहिलेलं असतं पण तुमच्या छोट्या फेऱ्या बघता मी साडेसात-आठ हजारालाच बदलेन, नाहीतर वर्ष झालं की. नवीन ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून मिस्त्रीशी भांडू नका, डिझेलमध्ये होतंच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम.

डिझेल फिल्टरच्या खाली पाणी साठायला जागा असते, खालचा स्क्रू सैल केला की निघतं. पावसाळ्यात दोनदा काढून घ्या. टाकी रिझर्व्हवर आणून फिरायची सवय नको, तळाचा गाळ ओढला जातो आणि एकदा का टाकी कोरडी पडून लायनीत हवा शिरली तर रस्त्यात सेल्फ मारून मारून बॅटरी संपेल, पंपाचं नुकसान ते वेगळंच. डिझेल खपाच्या पंपावर भरा, दोन रुपये स्वस्त म्हणून हायवेच्या बाजूला ड्रममधून मिळणारं बायोडिझेल वगैरे अजिबात नाही. रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी टाकू नका, नळाचं पण नको, क्षार बसून पाइप चोंदतात, कूलंटच टाका.

सकाळी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किमी हळू चालवा, अ‍ॅक्सिलरेटर दाबून गरम करायची नाही, टर्बोपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. उज्जैनहून भरधाव आलात की लगेच चावी बंद नको, मिनिटभर आयडलवर राहू द्या, टर्बो लालबुंद तापलेला असतो आणि इंजिन बंद केलं की त्याचं ऑइल पण बंद. आणि आठवड्यातून एकदा, बाहेरची ऑर्डर नसली तरी, बायपासला नेऊन अर्धा तास चौथ्या गिअरमध्ये जरा दाबून चालवा, ईजीआरची काजळी कमी बसते. मिस्टरांना द्या हे काम, इनोव्हा गेल्याचं दुःख तेवढंच हलकं होईल.

एर्टिगा बाटल्यांच्या टेस्टमध्ये किंवा झाकणाच्या टेस्टमध्ये नापास झाली तर मन घट्ट करून सोडा, त्याच इंजिनाच्या एमपी-०९ मधल्या पहिल्या मालकाच्या गाड्या अजून भरपूर आहेत, महिना-दीड महिना शोधा, दिवाळीच्या आधी घाई करू नका कारण तेव्हा डीलर पण चढलेले असतात आणि तुम्हाला पण मान वर करायला वेळ नसतो. रविवारचा सकाळचा व्हिडिओ आणि चार बाटल्यांचा फोटो मला पाठवा, पांढरा धूर किती सेकंदांनी जातो ते घड्याळ लावून लिहा, मग सांगतो किती कमी करून मागायचे.